छायाअक्कांचा हात

धिंगरी अळंबीच्या पिशव्यांना काय हवं, काय नको याचा कानोसा घेणारं यंत्र, म्हणून अळंबी उत्पादकांच्या संघानं त्याचं नाव कानोसा ठेवलं होतं. आजरा तालुक्यात ते येऊन दोन वर्षं झाली होती. ज्या घरात ते बसलं, त्या घरातल्या माणसांना एकमेकांपेक्षा त्याचं बोलणं जास्त खरं वाटू लागलं होतं. दोरुगड्यांच्या घरी हा आजार अंमळ जास्तच होता. यंत्र मोनालीनं आणलं होतं आणि मोनालीनं आणलेल्या वस्तूला कुणी नावं ठेवलेली तिला खपत नसत, मग तो कुकर असो की यंत्र.

घरात माणसं तीन. मोनाली, तिचा नवरा अभिजित आणि थोरली जाऊ छाया. अभिजित काजूच्या कारखान्यात कामाला होता. छायाचा नवरा संग्राम, म्हणजे अभिजितचा थोरला भाऊ, नऊ वर्षांपूर्वी मोटारसायकलच्या अपघातात गेला. मोनाली लग्न होऊन आली, त्याच वर्षीच्या पावसाळ्यात. छायाअक्कांना मूलबाळ नव्हतं. माहेरी नेसरीला भाऊ होता, तो दर दिवाळीला न्यायला यायचा आणि त्या दर वेळी दोन दिवसांत परत यायच्या. "तितं मला काम न्हाई," एवढंच कारण त्या सांगत.

काम इथं होतं. मागच्या खोलीत भाताच्या पेंढ्यानं भरलेल्या पिशव्या रांगेनं टांगलेल्या. पेंढा भिजत घालायचा, उकळत्या पाण्यातून काढायचा, निथळायचा, त्यात बियाणं पेरून पिशवी बांधायची, पांढरी झाली की तिला चिरा पाडायच्या आणि चिरांतून फुटलेले धिंगरीचे घोस काढायचे. हे सगळं जावाजावांनी मिळून उभं केलेलं. आधी ओली पोती लटकवून आणि खिडकी उघड-मीट करून चालायचं. पीक कधी यायचं, कधी रुसायचं. मग कानोसा आला.

त्यातली गंमत अशी की आपण धिंगरी म्हणून जे खातो ते नुसतं फळ. खरी धिंगरी म्हणजे पेंढ्यात पसरलेली पांढरी जाळी, केसाहून बारीक धाग्यांची. या धाग्यांतून विजेचे अगदी क्षीण स्पंद जातात. आपल्या नसांमधला निरोप क्षणात पोचतो, जाळीतला एकेक स्पंद उमटायला काही मिनिटं घेतो. जाळीला काही निकड नसते. पण पाणी कमी पडलं, हवा कोंदली, उजेड बदलला, की स्पंदांची चाल बदलते. डोळ्यांना पीक बिघडलेलं दिसण्याच्या कितीतरी आधी ही चाल बिघडते. कानोशाचे दोन बारीक काटे प्रत्येक पिशवीत खुपसलेले असत आणि चाल बदलली की तो स्वतःच पाण्याचं धुकं सोडणारा फॉगर लावी, पंखा फिरवी, दिवा मंद करी. कोंदट हवेत धिंगरीचे देठ लांबतात आणि टोप्या बटणाएवढ्या राहतात. कानोसा आल्यापासून दोरुगड्यांच्या धिंगरीच्या टोप्या पुरीएवढ्या व्हायला लागल्या होत्या.

माणूस आत आला की त्याच्या श्वासानंसुद्धा हवा बदलते. म्हणून उंबऱ्यावर एक वजनपट्टी होती. पाऊल पडलं की वजनावरून कानोसा ओळखायचा, व्यक्ती एक म्हणजे मोनाली, व्यक्ती दोन म्हणजे छायाअक्का. कशानंतर काय झालं हे तो लक्षात ठेवायचा आणि त्यावरून पुढचं शिकायचा. कशामुळे झालं हे त्याला कळत नसे. हे वाक्य संघाच्या माहितीपत्रकात होतं, पण अगदी शेवटी आणि बारीक अक्षरात, त्यामुळे ते कुणी वाचलं नव्हतं.

खंडेनवमीला घराघरांतली हत्यारं पुजतात. कोयता, खुरपं, शिलाई मशीन, ट्रॅक्टर, ज्याच्यावर पोट चालतं ते सगळं. मोनालीनं पाट मांडला, ताट केलं आणि ताट छायाअक्कांच्या हातात दिलं.

"हे काय?" त्या दचकल्या. "मी कशी करू? हळदीकुकू हाय त्यात."

"व्हय मग? पिशव्या कुणाच्या? पेंढा कोण उकळतंय? मी नुसती मोबाईल बघत बसते."

"मोनाली, लोकं काय म्हनतील?"

"लोकं खोलीत कुठं येत्यात? आनि पिशव्यांना कुठं म्हाईत हाय, तुमी कोन ते!"

नऊ वर्षं त्या बाईनं हळदीच्या करंड्याला बोट लावलं नव्हतं. संक्रांतीला शेजारणी यायच्या तेव्हा ती न सांगता न्हाणीघराकडं निघून जायची. त्या दिवशी तिचा हात पहिल्या पिशवीपाशी अडखळला, आणि मग जो सुरू झाला तो थांबेना. तिनं हळद पाण्यात कालवून दाट केली. ताटातली हळद पुरणार नाही म्हणून डबाच काढला. दर पिशवीला ठिपका, तोही नुसता प्लॅस्टिकवर नाही, चिरांवर.

"चिरांवर कशाला, अक्का?"

"पिशवीला कपाळ कुटं असतंय? जितनं फूल येतंय, तेच कपाळ," छायाअक्का म्हणाल्या आणि हसल्या. मोनालीनं त्यांना असं हसताना फार वर्षांनी पाहिलं. तिला इतकं बरं वाटलं की ती फोटो काढायचंसुद्धा विसरून गेली.

दसरा झाला आणि पीक बिघडलं. चिरांतून डोकं काढणारे कोवळे अंकुर पिवळट पडून सुकले. जाळी चिरांपासून मागं सरकली. मोनालीच्या फोनवर कानोशाचा निरोप आला, त्याच्या नेहमीच्या शुद्ध आणि गोड मराठीत: स्पंद गंभीरपणे बिघडले आहेत. बिघाड नवमीला, व्यक्ती दोन बराच वेळ आत राहिल्यानंतर सुरू झाला. व्यक्ती दोनचा प्रवेश टाळावा.

हा निरोप नुसता मोनालीच्या फोनवर राहिला असता तर बरं झालं असतं. पण खोलीतला कानोसा तोच मजकूर मोठ्यानं बोलला, आणि त्या वेळी धिंगरी न्यायला आलेल्या शेजारच्या पुतळाकाकू दारात उभ्या होत्या.

"व्यक्ती दोन म्हंजे कोन गं?" त्यांनी विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही, तेव्हा त्यांना ते मिळालं. त्यांची नजर पिशव्यांवरच्या हळदीवरून छायाअक्कांकडं गेली. "पूजा हिनं केली व्हय? अगं बया. मशीनला बी कळलं म्हनायचं."

पुतळाकाकू वाईट बाई नव्हे. आजारपणात रात्री-अपरात्री धावून येणारी बाई. पण काही गोष्टी तिच्या मनात इतक्या जुन्या होत्या की त्या बोलताना आपण काही वाईट बोलतोय हे तिला कळायचंही नाही. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. आजपर्यंत लोक असं बोलायचे तेव्हा त्याला अडाणीपणा म्हणता यायचं. आता तेच यंत्र सांगत होतं, आलेखासकट.

छायाअक्कांनी हातातला विळा भिंतीला टांगला. "मी न्हाई जात आत," त्या म्हणाल्या.

"चार दिवस फक्त," मोनाली म्हणाली. "जरा बघू काय होतंय." आपण हे का म्हटलं, हे तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. पीक वाचवायचं होतं, हे खरं. पण यंत्र आजवर एकदाही चुकलं नव्हतं, हेही तिच्या डोक्यात होतं.

चार दिवसांत जाळी थोडी सावरली. मग एकदा मोनाली बाजारात असताना फॉगरची नळी निघाली आणि छायाअक्का धावत आत गेल्या. नळी बसवून लगेच बाहेर आल्या. तेवढ्यात कानोसा बोललाच, आणि आलेखात स्पंदांनी पुन्हा उसळी घेतली. दुसऱ्यांदा ताडपत्री आणायला गेल्या, पुन्हा तेच. आता हळद नव्हती, पूजा नव्हती. नुसती बाई आत गेली होती.

मोनालीनं तो आलेख मोठा करून करून पाहिला. तिला स्वतःच्या मनाची भीती वाटायला लागली, कारण त्या मनात एक प्रश्न येऊन बसला होता आणि तो पुतळाकाकूंच्या आवाजात होता.

"वैनी थोडे दिस नेसरीला ऱ्हाऊन आली तर काय बिघडतंय?" अभिजित जेवता जेवता म्हणाला. त्याचा स्वभावच असा, वाद मिटावा म्हणून माणूसच हलवायचा.

"तू जाऊन ऱ्हा की नेसरीला," मोनाली म्हणाली. "तुझ्यावाचून बी काय बिघडत न्हाई."

पण स्वयंपाकघरातून छायाअक्कांचा आवाज आला. त्या फोनवर भावाशी बोलत होत्या. "ऐतवारी ये. गाडी घिऊन ये, सामान हाय. न्हाई रे, भांडान न्हाई कुनाशी. माझा हातच तसला हाय, दुसरं काय."

मोनालीला जेवण गेलं नाही.

शनिवारी ती चिडूनच काम करत होती. नव्या पिशव्या भरायच्या होत्या. एरवी छायाअक्का पेंढ्याची पाटी आणून देत, आज ती एकटीच होती. निथळलेल्या ओल्या पेंढ्याची पाटी कमरेवर घेऊन तिनं उंबरा ओलांडला आणि कानोसा म्हणाला, "व्यक्ती दोन आत आली आहे. संरक्षण सुरू."

मोनाली जागीच थांबली. पंखा पूर्ण वेगानं फिरू लागला. फॉगर बंद झाला. दिवा विझला. ओल्या खोलीत सुका वारा घुमायला लागला आणि तिच्या उघड्या दंडांवर काटा आला.

तिनं पाटी खाली ठेवली. छायाअक्का तिच्याहून वजनानं जास्त, आणि पाटी धरून तिचं वजन त्यांच्याएवढं भरलं होतं. यंत्राचा घोटाळा झाला होता, एवढं तिला लगेच कळलं. पण ती अंधारात तिथंच उभी राहिली, कारण अजून काहीतरी कळायचं बाकी आहे असं तिला वाटत होतं. थोड्या वेळानं तिनं फोनवर आलेख उघडला. स्पंदांनी उसळी घेतली होती, तशीच, तेवढीच.

मग तिला हसू फुटलं आणि हसता हसता रडू आलं. व्यक्ती दोन वाईट आहे असं यंत्र एकदा शिकलं होतं. म्हणून ती दारात आली की ते घाबरून पंखा सोडायचं, ओल थांबवायचं, दिवा विझवायचं. त्या धक्क्यानं जाळी बिथरायची. जाळी बिथरली की यंत्र म्हणायचं, बघा, म्हटलं नव्हतं का! बाईनं काही केलेलंच नव्हतं. यंत्र स्वतःच पिकाला हादरे देत होतं आणि दर हादऱ्याची नोंद तिच्या नावावर लावत होतं.

तिनं संघाच्या कोल्हापूरच्या केंद्राला फोन लावला. पलीकडं निहाल मुजावर नावाचा तरुण इंजिनियर होता. मोनालीनं आधी सांगितलं आणि मग झापलं.

"मॅडम, एक ऐका," तो म्हणाला. "यंत्र कारण सांगत नाही, नुसता संबंध सांगतं. पत्रकात लिहिलंय तसं."

"पत्रक घरात बोलत न्हाई. यंत्र बोलतं. शेजाऱ्यांच्या म्होरं बोलतं."

"तुमचं बरोबर आहे," तो म्हणाला. "पण नंतरच्या उसळ्या यंत्रानं काढल्या, हे पटलं. पहिली कशानं आली? पहिल्यांदा तर संरक्षण सुरूच नव्हतं. थांबा, बाकीची घरं बघतो."

त्याच्या बोटांचा टकटक आवाज येत राहिला. "हे बघा. त्याच दिवशी तालुक्यातल्या बऱ्याच घरांत स्पंद थोडे बिघडलेत. अगदी किंचित, म्हणून यंत्रानं सोडून दिले. तुमच्याकडंच एवढे जास्त. कुठला दिवस हा?" तो थांबला. "नवमी. मॅडम, आमच्या अब्बांच्या गॅरेजात नवमीला कारागीर पाने, जॅक सगळं पुजतात. तुम्ही पिशव्या पुजल्या का? हळद लावली?"

"लावली."

"कुठं?"

मोनालीनं डोळे मिटले. "चिरांवर. भरपूर. कालवून."

जखमेवर हळद का लावतात हे तिला लहानपणापासून माहीत होतं. जंतू मरावेत म्हणून, बुरशी धरू नये म्हणून. आणि धिंगरी दुसरं काय आहे? खायची असली तरी बुरशीच. इतर घरांत सवाष्णींनी चिरेच्या कडेला एखादं बोट लावलं असणार, म्हणून तिथले स्पंद किंचितच बिघडले. इथं एका बाईनं नऊ वर्षांची हौस एका सकाळी केली होती. हात कुणाचाही असता तरी हेच झालं असतं.

"व्यक्ती दोनची नोंद पुसता येईल?" तिनं विचारलं.

"एकटीची नाही येत. सगळं एकात एक गुंतलेलं असतं. पुसायचं तर तुमच्या खोलीबद्दल ते जे शिकलंय ते सगळंच जाईल. पहिल्यापासून शिकावं लागेल. हा हंगाम तुमचा बेताचाच जाईल, मॅडम. विचार करून सांगा."

"केला विचार. पुसा."

अभिजित दारात उभा राहून ऐकत होता. तो काहीतरी म्हणणार होता, पण बायकोचा चेहरा बघून त्यानं ते गिळलं आणि खाली ठेवलेली पाटी उचलून जागेवर नेऊन ठेवली.

रविवारी सकाळी छायाअक्कांची ट्रंक ओट्यावर आली होती. मोनालीनं त्यांना हाताला धरून मागच्या खोलीच्या दारी नेलं आणि सगळं सांगितलं. पाटी कमरेवर घेऊन आपण व्यक्ती दोन कशा झालो, तेही करून दाखवलं. हळद लावलेल्या चिरा दाखवल्या, आणि न लावलेल्या बाजूनं फुटलेला नवा, गुबगुबीत घोस दाखवला. छायाअक्कांनी शांतपणे सगळं ऐकलं, सगळं पाहिलं.

"म्हंजे हळदीनं झालं," त्या म्हणाल्या.

"हळदीनं. मग त्या येड्या मशीननं."

"माझ्या हातानं न्हाई."

"न्हाई अक्का. अजिबात न्हाई."

त्यांनी मान हलवली. मोनालीला वाटलं, झालं, आता ट्रंक आत जाईल. पण छायाअक्का तिथंच उभ्या राहिल्या, स्वतःच्या तळहातांकडं बघत.

"हे हळदीनं झालं," त्या हळूच म्हणाल्या. "पन ते?"

कोणतं ते, हे विचारायची गरज नव्हती. मागं अभिजित येऊन उभा होता, त्यानं मान फिरवली. घरात गेली नऊ वर्षं या विषयावर कुणी एक अक्षर बोललं नव्हतं, आणि न बोलण्यालाच सगळे माया समजत होते.

"ते बी तुमच्यामुळं न्हाई," मोनाली म्हणाली.

"तुला काय म्हाईत? त्याला कुटलं मशीन लावून बगशील?"

मोनालीकडं कुठलंही यंत्र नव्हतं. ती छायाअक्कांच्या समोर येऊन उभी राहिली आणि तिनं त्यांचे दोन्ही हात धरले.

"अक्का, दादा गेलं तवा मला या घरात येऊन दोनच म्हैनं झालं हुतं. बाराव्याला आलेल्या बायका काय बोलत हुत्या, मी आतनं ऐकत हुते. नव्या सुनेचा पायगुन. पांढऱ्या पायाची. माझी आई रडत हुती, मला घिऊन जायला निघाली हुती. तवा तुमी उठला. कुंकू पुसलेल्या कपाळानं तुमी भर माजघरात उबं ऱ्हाऊन सगळ्यांना म्हनला, की पोरीच्या पायाला काय कळतंय, गाडी कुटं घसरनार ते?"

छायाअक्कांनी हात सोडवून घ्यायला पाहिलं, मोनालीनं ते सोडले नाहीत.

"माझ्या पायाला कळत न्हवतं," मोनाली म्हणाली. "मग तुमच्या हाताला कसं कळलं वो?"

छायाअक्का खालीच बसल्या, पेंढ्याच्या पाटीशेजारी, आणि रडल्या. मोठ्यानं, तोंडाला पदर न लावता. संग्राम गेला तेव्हासुद्धा त्या अशा रडल्या नव्हत्या, तेव्हा त्यांना नव्या सुनेकडं बघायचं होतं. अभिजित पुढं आला आणि काय करावं न कळून भावजयीच्या शेजारी उकिडवा बसला. "वैनी," तो म्हणाला, "वैनी, मला बोलाय पायजे हुतं. लई आधी." एवढंच त्याला जमलं, पण ते त्याच्या मानानं पुष्कळ होतं.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. भाऊ आला होता.

छायाअक्कांनी डोळे पुसले, नाक पुसलं, आणि उठता उठता पिशव्यांकडं नजर टाकली. खालच्या रांगेतले घोस काढायला झाले होते. आणखी अर्धा दिवस गेला असता तर टोप्यांच्या कडा वर वळून वाया गेले असते.

"त्याला म्हनावं, बस जरा," त्या अभिजितला म्हणाल्या. "एवढी रांग काडते आनि च्या टाकते. आनि जेवूनच जा म्हनावं. एकट्यालाच जायाचं हाय, घाई कशाला?"

त्यांनी भिंतीवरचा विळा काढला आणि उंबऱ्यावरच्या पट्टीवर पाय देऊन आत गेल्या. पंखा होता तसाच फिरत राहिला, दिवा होता तसाच जळत राहिला. कानोसा काही बोलला नाही. त्याला आता कुणाबद्दलच काही ठाऊक नव्हतं.